वाटी रिकामी, पिल्लू उपाशी

४ फेब्रुवारी
ती. दादास सा. न. वि. वि.

आई दोन्ही वेळा ताटातलं सगळं संपवते, असं तू लिहितोस. मला काही ते पटत नाही. बाबा गेल्यापासून ती घरभर येरझारा घालते हेही तूच लिहितोस, आणि माझ्या प्रयोगशाळेतली पिल्लं नेमकं तेच करतायत.

आम्ही कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूत पेप्टाइड नावाच्या एका रसायनाचा थेंब सोडतो. धास्ती वाटली की मेंदू ते स्वतःच बनवतो. थेंब पडला की भूक मरते आणि पायांना भिंगरी लागते. पण दाण्यांच्या वाट्या मात्र रिकाम्या! तीच औषध बदलत असेल म्हणून मी सोबत काम करणाऱ्या मुलीवर संशय घेतला, तिच्याशी धड बोललेही नाही. मग पिंजऱ्याखालचा ट्रे ओढला, तर सगळे दाणे तिथे. धावताना पिल्लं वाटी लाथाडत होती.

तेव्हा ताट पाहू नकोस, आईच्या बांगड्या पाहा. कोपराकडे सरकतात का? लोभ आहेच, तो संशयासकट चालवून घे.

तुझी चिमणी

१२ फेब्रुवारी
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकंच फिरलं. आईला पिंजऱ्यात बसवलंस आणि मला खोटारडा ठरवलंस! पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. काल दुकानातून अवचित घरी आलो, तर आई मागच्या दारात मांजरापुढे ताट रिकामं करत होती. मेलं मांजर गरगरीत झालंय, तेही मला दिसलं नाही. बांगड्या कोपरापर्यंत जातात गं. तुझ्या पिल्लांवर काही उतारा आहे का?

दादा

१९ फेब्रुवारी
ती. दादास सा. न.

आई पिल्लू नाही, आधी तिला डॉक्टरांकडे ने. पण एक सांगते. औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं पिल्लूही एकटं ठेवलं की चिवचिवत फिरतं, खात नाही. शेजारी दुसरं दाणे टिपायला लागलं की हेही टिपतं. दुपारी तू घरी जेवतोस का? खरं सांग.

चिमणी

२ मार्च
चि. चिमणीस आईचे आशीर्वाद.

तुझी पत्रं दादाने लपवली होती, मी त्याच्या उशीखालून काढून वाचली. डॉक्टरांना दाखवून आलो. आता दादा दुपारी घरी येतो आणि मी घास घेतल्याशिवाय स्वतःच्या ताटाला हात लावत नाही. मांजर रुसलंय.

पण पोरी, तुझ्या पत्रांत पिल्लं काय खातात, आई काय खाते, दादा कुठे जेवतो, सगळं आहे. तू कुणासोबत जेवतेस, ते कुठेच नाही. तू बांगड्या घालत नाहीस, म्हणून विचारावं लागतंय. खरं काय ते कळव.

आई