सुई मागण्यासाठी हे पत्र नाही

कार्देनास, ३ जून

तीर्थरूप एवेलियोदादास,

धाकट्या अर्सेनियोचा साष्टांग नमस्कार (पाठ परवानगी देईल तेवढाच). पत्राच्या सुरुवातीला 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण या पत्रात विनंती एकही नाही, नुसतं विशेष आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तुझा गुडघा कसा आहे? सोराइदावहिनींचा रक्तदाब? तिकडे कामाग्वेला नळाला पाणी येतं का? आमच्याकडे सगळं ठीक. आंबे यंदा इतके उतरलेत की शेजारची डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती पुसून टाक. मी भांडायला बसलेलो नाही. दादा, मार्केसा सुरू झाली!

हो, तीच. बाबांची सत्तेचाळीस सालची मोटारसायकल. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी राहून अकरा वर्षं ती आमच्या ओल्या चादरी वाळवत होती. बाबांना पोचवून आलो त्या दुपारी, गाडी कुणाची यावरून आपलं वाजलं, आणि तू कार्बोरेटरची ती छोटी सुई (गाडी उभी असताना, मंद चालीला, पेट्रोल किती सुटायचं ते ठरवणारी) बोटांनीच फिरवून काढलीस, शर्टाच्या खिशात टाकलीस आणि "आता चालव बघू!" म्हणून बस पकडलीस. मी सुईचा विषय काढत नाहीये. गोष्ट कुठून सुरू झाली एवढंच सांगतोय.

पितृदिनाला सगळ्या जुन्या गाड्या कब्रस्तानात जातात, बाबांच्या आणि इतर जुन्या मिस्तऱ्यांच्या थडग्यांपुढे रांगेत उभ्या राहतात आणि इंजिनं चालू ठेवून सगळे टोप्या काढतात, हे तुला ठाऊक आहेच. मी अकरा वर्षं तिथे सायकलवर जातो. गेल्या वर्षी मातान्सासहून आलेल्या एका दाढीवाल्याने सायकलकडे बघून मला विचारलं, "काका, ही किती सिलिंडरची?" सगळे हसले. मी पण हसलो, पण बाबांच्या थडग्याकडे बघायची हिंमत झाली नाही. घरी आल्याआल्या मार्केसावरच्या चादरी उचलल्या आणि नेरेइदाला म्हटलं, पुढच्या वर्षी मी हिच्यावर बसून जाणार. ती म्हणाली, "जा की. पण चादरी कुठे वाळवू ते सांगून जा."

टाकी, टायर, मॅग्नेटो यांत दहा महिने गेले, ते रडगाणं सोडून देतो. खरी गंमत कार्बोरेटरची. तो काढला तर तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, आतल्या वाटीत अकरा वर्षांपूर्वीचं पेट्रोल आटून काकवीसारखं चिकट झालेलं, आणि बुचाचा तरंगता गोळा पेट्रोल पिऊन पिऊन असा फुगलेला की तरंगणं विसरून तळाशी जाऊन बसला होता (आपल्या राऊलकाकासारखा). नवा गोळा मी मासेमारीच्या जाळ्याचं बूच कोरून केला. पेट्रोल आत शिरू नये म्हणून त्याला नेरेइदाच्या नखांच्या लाल रंगाचे तीन हात दिले. बाटली रिकामी झालेली बघून ती म्हणाली, "वर्षभर माझ्या नखांना रंग मिळाला नाही, आणि हिच्या पोटाला तीन तीन हात?" मी तिला समजावलं की तो रंग कुणालाही दिसणार नाही. त्याने ती अधिकच भडकली.

वाटी आणि झाकण यांच्यामध्ये बसवायला जाड कागद हवा होता. घरभर शोधला. शेवटी आईच्या पेटीत तुझं तिसरीतलं सद्वर्तनाचं प्रशस्तिपत्रक सापडलं. दादा, रागावू नकोस, तसला कागद आता मिळत नाही. तेलात भिजवून कापला आणि बसवला. एक थेंब गळत नाही. तुझं सद्वर्तन असं कामाला आलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

आता मुख्य प्रकरण. बाबा पितळी अंग साफ करायला ते आंबट संत्र्यांच्या रसात मिठाबरोबर घालून ठेवायचे, आठवतं? मी शनिवारी सकाळी वीस संत्री पिळली आणि पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. त्याच ओट्यावर, तसल्याच पातेल्यात (दोन्ही सासूबाईंनी दिलेली, जुळी), नेरेइदाने तिच्या बहिणीच्या वाढदिवसासाठी डुकराच्या तंगडीचं मुरवण करून ठेवलं होतं. तेच आंबट संत्रं, तेच मीठ, पण वर दोन गड्डे लसूण, ओरेगानो आणि जिरं. वीज गेलेली, स्वयंपाकघरात अंधार. मी झाकण जरासं उचललं, संत्र्याचा वास आला, कार्बोरेटर अलगद सोडला आणि निश्चिंत मनाने शेजारच्या क्लोदोमिरोकडे डॉमिनो खेळायला गेलो. दोन तासांनी नेरेइदाची हाक तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू गेली. धावत आलो तर ती तंगडी एका हातात आणि कार्बोरेटर दुसऱ्या हातात घेऊन उभी. "यातलं पाहुण्यांना कोणतं वाढायचं ते तुम्हीच सांगा!" कार्बोरेटर मात्र लखलखत होता. उघडच सांगतो, नुसत्या रसापेक्षा लसणाने जास्त उजळतो. (तंगडी बिचारी माझ्या बिनलसणाच्या रसात मुरवावी लागली. मेहुणीने एक घास खाऊन चौकशी केली की घरात कुणी आजारी आहे का.)

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सगळं जोडलं, किका मारल्या. दहा, वीस, चाळीस. मार्केसा नुसती शिंकायची. पुन्हा सगळं उघडलं, फुंकलं, उजेडाकडे धरून पाहिलं, तर मुख्य भोकात काहीतरी अडकलेलं. क्लोदोमिरोच्या गिटारची सगळ्यात बारीक तार मागून आणली (त्याने दिली नाही, मीच काढली) आणि टोचून बाहेर काढलं. जिऱ्याचा दाणा! दादा, अख्खं जिरं! बाबा असते तर हसून हसून जमिनीवर बसले असते. मलाही तसंच हसू आलं, आणि मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर थांबलं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, चौथ्या किकेला, ती बोलली. तोच आवाज! पोटातून येणारा! नेरेइदाने क्रूसाची खूण केली, क्लोदोमिरो बंडीवरच धावत आला आणि तारेचं भांडण विसरून त्याने मला मिठी मारली. मी गल्लीतून तीन फेऱ्या मारल्या. कार्बोरेटर तापला तसा कुठल्या कोपऱ्यात राहिलेला लसूण भाजायला लागला, आणि तिसऱ्या फेरीला माझ्यामागे सात कुत्री होती. मी रडत होतो, पण वाऱ्याने, असं सगळ्यांना सांगितलं.

आणि सुईचं म्हणशील, तर मी ती नेरेइदाच्या क्रोशाच्या सुईपासून बनवली. उंबऱ्यावर तीन दिवस घासून टोक केलं. म्हणजे तुझ्या खिशातल्या सुईची आता मुळीच गरज नाही. ती खुशाल ठेव, दात कोरायला वापर. तुला कळावं म्हणून हे लिहिलं, बाकी काही नाही. हे पत्र बसचालक ओस्मानीच्या हाती देतोय, तो तुझ्या दारात आणून देईल. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
अर्सेनियो

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. गाडी पळते झकास, पण उभी राहिली की खोकून बंद पडते. कब्रस्तानात तर उभंच राहायचं असतं. बाबांच्या डोक्याशी ती बंद पडली तर मी मातान्सासच्या दाढीवाल्याला काय तोंड दाखवू? तुला आठवतंय, बाबा आपल्या दोघांना बसवायचे, मी मुठीवर, तू सुईवर. तू कान टवकारून एकेक खाच फिरवायचास आणि "बस्स!" म्हणायचास. क्लोदोमिरोला सुईवर बसवून पाहिलं. चाळीस वर्षं गिटार वाजवतो, पण त्या कानाला मार्केसा कळत नाही.

ता. क. दुसरा. नेरेइदाला विणायचं होतं म्हणून क्रोशाची सुई काढून तिला परत दिली. तेव्हा सध्या मार्केसात सुईच नाही. तुझी असेल तर पाठवू नकोस, एवढीशी वस्तू वाटेत हरवते. माणसाच्या खिशातून आलेली बरी. पितृदिन एकवीस तारखेला आहे. मागच्या सीटची स्प्रिंग मी नवी घातली आहे, तुझ्या गुडघ्याला लागणार नाही.

ता. क. तिसरा, नेरेइदाच्या हातचा. भाऊजी, पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. गाडी उभी राहून बंद पडते हे खोटं. माझ्या सुईवर ती शुक्रवारी अंगणात अर्धा तास उभी होती, शिवणयंत्रासारखी चालत होती. हे तिच्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते. मग स्वतःच बंद केली, सुई काढली आणि मला म्हणाले, "घे, विण काहीतरी." नजर अधू झाल्यापासून मी सहा वर्षं विणलेलं नाही. वीस तारखेला तंगडी करतेय, या वेळी पातेल्याला कुलूप लावून. तुम्ही या. सुई आणायला विसरलात तरी चालेल.