एकच रेघ

९ मे

आले बाई एकदाची लेकाच्या घरी. ट्रकच्या पुढच्या सीटवर मी आणि मागे सोयाबीनच्या खारट लगद्याचे माझे सात रांजण, दोरीने आवळून. दोकचुल प्रत्येक वळणावर विचारायचा, आई, बरं आहे ना? मी म्हटलं, माझं सोड, रांजणांना विचार, ते माझ्याहून म्हातारे आहेत.

सांगते मी, लिहिते सून. मला अक्षर येत नाही. आमच्या वेळी पोरीला लिहायला शिकवलं तर सासरहून माहेरी तक्रारीची पत्रं पाठवील, ही भीती. सुनेचं माहेर येचॉन, म्हणून अख्खं गाव तिला येचॉनवालीच म्हणतं. वहीची कल्पना तिचीच. म्हणाली, आई, रोज सांगत जा काय जेवलात, झोप कशी लागली, कुठे दुखलं. मी म्हटलं, दुखलं-खुपलं ऐकून काय करशील, मी गावगप्पा सांगेन. बरं म्हणाली. दुपारी पाइनच्या बियांची पेज केली होती. मीठ कमी होतं. लिही की गं, थांबलीस का?

अकरा वर्षांत लेकाने मला दोन दिवसांवर ठेवून घेतलं नव्हतं. शरदातल्या सणाला यायचं, पितरांचं पान वाढायचं, तिसऱ्या दिवशी बसथांबा. आता म्हणतो, कायमची राहा. खोलीची फरशी खालून शेकून ऊबदार केली आहे, गादी नवी आहे. खिडकीतून सफरचंदाची सगळी बाग दिसते, तीनशे झाडं. फुलं गळून वाटाण्याएवढी फळं धरली आहेत.

दुपारनंतर गावकरी भेटायला आले. वाकून नमस्कार केला आणि मग सगळे माझ्या हातांकडे बघत बसले. मी विचारलं, काय रे, मागणी घालायला आलात की काय? कोणी हसलं नाही. मग सगळे एकदम हसले.

१३ मे

आज नामबाई आल्या. कृषी केंद्राच्या तपासनीस, चाळिशीच्या, बोलायला गोड, हातात निळे रबरी मोजे. एक पान तोडलं, पिशवीत चुरगाळलं, रसाचे तीन थेंब एका पट्टीवर टाकले. म्हणाल्या, दहा मिनिटं थांबा आजी, एक रेघ उठली तर झाड चांगलं, दोन उठल्या तर करपा.

एकच उठली. मी जोरात म्हटलं, एक! सत्त्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी वाचलं. येचॉनवाली, हे मोठ्या अक्षरात लिही.

बाईंच्या गाडीत एक पेटीही आहे. पट्टीवर भरवसा नसला की रस त्या पेटीत घालतात. करप्याचा जंतू एकटादुकटा लपून बसलेला असतो, म्हणून पेटी त्याच्या जनुकांच्या नकला काढते, एकाच्या दोन, दोनाच्या चार, अशा कोटीवर, मग तो दिसतो. मी म्हटलं, वा, चोर सापडत नाही म्हणून त्याला कोटभर पोरं व्हायची वाट बघायची! बाई पोट धरून हसल्या.

दोकचुल मात्र हसत नव्हता. इथला नियम कडक आहे. एका झाडावर दोन रेघा उठल्या की अख्खी बाग मुळासकट उपटून चुना टाकून पुरायची. ओढ्यापलीकडची बाग गेल्या वर्षी अशीच पुरली. मालक आणि त्याची बायको शहरात निघून गेले म्हणे. माझा लेक म्हणाला, आई, बाग गेली तर मीही गेलो समज. मी म्हटलं, नाटकी कुठला, लहानपणी पतंग फाटला तरी हेच म्हणायचास. पण रंग उडाला होता त्याचा.

जेवण: परत पेज. या वेळी शंख-शिंपलीची. ही माझी बडदास्त आहे की बाळंतपण?

१८ मे

फळांची विरळणी सुरू झाली. पाचांच्या झुपक्यातलं मधलं फळ ठेवायचं आणि चार खुडायची. गावच्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या बागेत जातात, आज आमच्याकडे बारा जणी होत्या. प्रत्येकीची कात्री आपापली, झाड बदललं की स्पिरिटमध्ये बुडवायची.

दुपारी झाडाखाली जेवण. लेट्यूसच्या पानात भात, लगदा, लसणाची पाकळी, गुंडाळून एका घासात तोंडात. हा घास बोटांनीच बांधायचा असतो. बाराही बायांनी तो मोज्यांसकट बांधला. एवढ्या उन्हात! मी म्हटलं, अगं, मोजे काढा की, माझा लगदा चावतो की काय? एकीने घास तसाच ठेवला. येचॉनवाली म्हणाली, आई, हात मळलेत सगळ्यांचे.

मळलेल्या हातांनी जन्मभर जेवलेली माणसं आहोत आम्ही.

हे लिहिलंस का गं? लिहिलंस म्हणतेस. बरं.

२३ मे

मे महिन्यात भर उन्हात फरशीखालची शेगडी कोण पेटवतं? माझी फरशी दुपारची पोळते आहे. मागे जाऊन पाहिलं तर येचॉनवाली सफरचंदाची ओली लाकडं जाळत होती. एक फांदी मी काठीने ओढून काढली. शेंडा काळा, छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला, सालीवर मधासारखे थेंब.

हे लिही. एकही शब्द गाळू नकोस.

लेकाला बोलावलं. म्हटलं, दोकचुल, झाड आजारी आहे आणि तू लपवतोस. आज जाळशील एक फांदी, उद्या दहा, आणि शेजाऱ्यांच्या बागांचं काय? तुझ्या बापाने चोरून एक शेंग खाल्ली नाही कोणाची. नामबाईंना सांग, नाहीतर मी सांगते.

तो मान खाली घालून म्हणाला, आई, बाईंना माहीत आहे.

मग ती एक रेघ? तो म्हणाला, पान दुसरं होतं. बाईंनी तोडलेलं पान लपवलं आणि खिशातून आणलेलं चांगलं पान चुरगाळलं.

२६ मे

जेवण चांगलं. झोप चांगली. दुखत नाही. आजचं एवढंच लिही.

२७ मे

आजपासून सांगते ते फोनला. जुन्या गावच्या वृद्धांच्या सभागृहात शिकवलं होतं, लाल टिंब दाबायचं आणि बोलायचं, अक्षरं तोच करतो, तारीखही तोच टाकतो. रांजणांच्या आड बसले आहे.

कारण सांगते. बागेच्या खोपटात प्रत्येक झाडाची एकेक वही आहे. मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. प्रत्येक वहीवर हिरवी चौकोनी चिठ्ठी, झाडावर टांगलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यासारखी. आत रकाने. पाणी किती, पालवी कशी, कुठे डाग. महिन्याला नामबाई येऊन खाली शिक्का मारतात.

माझ्या वहीवर तीच चिठ्ठी आहे. तेच रकाने. आणि अठरा दिवसांतच चार शिक्के.

मी एवढ्या गमती सांगितल्या, त्या तिने लिहिल्याच नसणार. पेज लिहिली असेल. मीठ कमी, तेही कदाचित.

२९ मे

नामबाईंच्या डब्यातून पट्ट्या उचलल्या. सात. चोरी म्हणा.

आधी कुंपणाजवळच्या झाडाचं पान घेतलं. दोन रेघा. ते अपेक्षितच होतं.

मग येचॉनवालीचा वाळत घातलेला मोजा. आतून ओला होता, पिळला, तीन थेंब. मनात म्हटलं, म्हातारे, वेड लागलं तुला, माणसाला झाडाचा रोग होतो का? दहा मिनिटं.

दोन.

वाटलं, पानांचा रस लागला असेल. म्हणून लेकाचा गळ्याभोवतीचा पंचा घेतला. नुसता घाम त्यात.

दोन.

मग माझी थुंकी. एक. थांबले. अर्धा तास थांबले. एकच.

३० मे

आज बाजाराची बस असते. गाठोडं घेऊन निघाले. वेशीवर चुन्याचं पाणी भरलेला चर खणला आहे आणि त्याच्या अलीकडे दोन बाप्ये, मोजे घातलेले. किती अदबीने बोलले! आजी, उन्हात कुठे, लागेल तुम्हाला, वाळून जाल. हाताला धरून परत आणून सोडलं. वाटेतल्या प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं होतं, आणि मी गेले की वाकत होतं.

३१ मे

लेकाने मोजा काढला. मीच काढायला लावला. म्हटलं, तुझं ढुंगण धुतलेलं आहे मी, बोटं काय लपवतोस?

उजव्या हाताची दोन बोटं. काळी. टोकाशी वाकलेली, त्या फांदीच्या शेंड्यासारखीच. सांध्यातून थेंब येतो, पिवळा, चिकट. वास पिकलेल्या सफरचंदाचा. गोड. तेच सगळ्यात वाईट, वास चांगला आहे.

रडला. मग सांगितलं. ओढ्यापलीकडची बाग पुरायला गावातलेच गेले होते, उघड्या हातांनी. मालकाची बोटं आधीच काळी होती. त्याची बायकोही. गाव घाबरलं. म्हणाला, आई, ते शहरात नाही गेले. खड्डा मोठा खणला होता आम्ही.

आम्ही, म्हणाला.

महिन्याभरात गावात प्रत्येक घरी निघालं. आता बाहेर कळलं तर कोणीतरी आपल्यासाठीही खड्डा खणेल, दुसरं काय. म्हणून गप्प. नामबाईंनीही मोजा काढून दाखवला. बोटं नव्हतीच, अंगठा तेवढा राहिला होता.

त्या म्हणाल्या, आजी, गेल्या थंडीत तुमच्या सभागृहात सगळ्या म्हाताऱ्यांची थुंकी घ्यायला एक मुलगी आली होती, आठवतं? आठवलं. पायमोजे आणि साबण देऊन गेली, मी तिला गोड बटाटा दिला होता. तिला पाठवलं होतं यांनीच. लेकाचं घराणं, सुनेचं घराणं, सगळ्यांच्या आई-मावश्यांची थुंकी पेटीत घातली. म्हणाल्या, तुमच्या जनुकांत असं काहीतरी आहे की हा जंतू बसतच नाही. दोनशे माणसांत तुम्ही एकट्या.

म्हणून आई आठवली होय रे.

त्याने मोजा परत चढवला.

१ जून

नामबाई समजावतात. नाजूक झाड असेल तर काय करतात आजी, चिवट जातीची काडी आणून जोडतात. कलम. धरलं की खालचंही सुधारतं. खूप नको. करंगळीचं एक पेर.

औषधं शोधा म्हटलं. शहरात न्या सगळ्यांना, मोठ्या दवाखान्यात. बाई म्हणाल्या, तिथे आधी नाव लिहितात आजी.

लेकाचं तिसरं बोट काळं पडलं आहे. रात्रीत नाही, माझ्यासमोर, जेवताना. जेवायच्या काड्या धरता येईनात त्याला. मी भरवलं.

मीच म्हटलं, घ्या. एक पेर काय, जन्म दिला तेव्हा याहून जास्त गेलं होतं. पण दोकचुल, फक्त तुला. गावाला नाही. त्याने शपथ घेतली, बापाच्या थडग्याची.

२ जून

सकाळी झालं. सुरी कलमाचीच, स्पिरिटमध्ये बुडवलेली. जोडावर गुंडाळायची पट्टीही बागेतलीच, ताणली की ताणते ती. बधिर केलं होतं, पण आवाज ऐकू येतो.

येचॉनवालीने माझं डोकं मांडीवर धरलं होतं. म्हणत होती, आई, माफ करा. मी म्हटलं, लिहिलंस का वहीत?

४ जून

धरलं.

लेकाच्या हातावर माझं पेर. नखासकट. सुरकुतलेलं, माझं, ओळखते ना मी. आणि त्याच्या खालची कातडी गुलाबी. पट्टी लावली त्याच्या घामाला. मीच वाचली.

एक.

हसला. किती वर्षांनी हसला, लहानपणासारखा. मला वाटलं, झालं, सुटलो. दोघंही.

मग खिडकीतून दिसलं. बागेत ओळीने. झाडं नाहीत, झाडांच्या मध्ये. माणसं. उभी. मोजे काढलेले सगळ्यांनी.

५ जून

रांग चुन्याच्या चरापर्यंत आहे. ढकलाढकली नाही, भांडण नाही, सगळे शिस्तीत. पेज घेऊन आलेत. प्रत्येक जण पेज घेऊन.

माझ्या वयाची एक आहे पुढे, खालच्या घरची. बसल्या-बसल्या रडते. नातवंडासाठी आले म्हणते, माझ्यासाठी नको. मी काय बोलू—

नामबाईंनी माप घेतलं. दंडाचं. मनगटाचं नाही. म्हणाल्या, टोकाची काडी हळूहळू धरते, खोडाजवळची लवकर—

दोकचुलला हाका मारल्या. चार. खोपटाजवळ उभा होता, ऐकू जातं तिथे. आत गेला.

५ जून

येचॉनवाली नवी चिठ्ठी घेऊन आली. वहीला नाही. माझ्या गळ्यात. हात धुतलेले, म्हणाली, स्वच्छ आहेत आई.

दार सरकलं. तो आला आहे. माझा. सुरी धरायला त्याची बोटं आता सरळ झालीत, चांगली धरतात. आई, म्हणतो, माझ्या एकट्यापुरतं म्हणून शपथ घेतली होती, पण गाव म्हणतं नाही दिलं तर मला—

मी म्हणते, बाळा, इकडे बघ. माझ्याकडे. हाताकडे नको, माझ्या तोंडा—

तो बघत नाही. सालीवर कुठे चीर द्यायची ते अंगठ्याने चाचपतो आहे, आणि तो अंगठाही सुरकुतलेला, माझा—