परड्यातील विहीर आणि तिच्यात न पडलेली बाई

मी, भामाबाई तानाजी निकम, वय त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार औंधजवळची इंगळ्यांची वाडी, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी दटावलेले किंवा गोड बोलून फसवलेले नसताना, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मी जिवंत आहे. हे वाक्य वकीलसाहेबांनी गाळायला सांगितले, कारण मृत्युपत्र करणारा जिवंत असतो हे धरूनच चालतात. माझ्या बाबतीत कोणी तसे धरून चाललेले नाही, म्हणून राहू दिले आहे. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीबद्दल स्पष्ट सांगितले आहे. येणारा उन्हाळा मी बघेन असे वाटत नाही.

कलम १. वडिलांनी मला लिहून दिलेले दोन खणांचे घर, मागचे परडे आणि परड्यातील विहीर माझी एकुलती मुलगी पल्लवी हिला देते. माझा चुलतभाऊ आकाराम इंगळे, आता हयात नाही, याचा मुलगा ऋषिराज याला विहिरीवर संगमरवरी पाटी लावायची आहे. आपल्या वडिलांच्या गाजलेल्या कादंबरीची नायिका कांचन हिने इथे जीव दिला, असे तो त्या पाटीवर कोरणार आहे. ही पाटी कदापि लावू देऊ नये. कांचन म्हणजे मी, आणि मी आजही याच विहिरीचे पाणी पिते.

कलम २. शिवणाची दोन्ही मशीने, कात्र्या आणि गिऱ्हाइके मायाला देते. माया शेजारची. नवऱ्याने टाकल्यापासून माझ्याजवळ शिवते. ब्लाउजचा गळा ती माझ्यापेक्षा चांगला काढते, हे तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून लिहून ठेवते.

कलम ३. सोने. माझ्याकडे सोने नाही. विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवते, कारण माझे वाटोळे सोन्यापायी झाले असे सगळे म्हणतात.

विट्याकडची माणसे देशभर सोने गाळायची दुकाने चालवतात. माझे मालक तानाजी आणि थोरले दीर भाऊसो यांचे दुकान तमिळनाडूत सेलमला होते. बायकांनी गावी सासूसासऱ्यांपाशी राहायचे आणि पुरुषांनी यात्रेला यायचे, अशी रीत. पल्लवी तीन वर्षांची झाली तेव्हा मालकांनी आम्हा दोघींना पहिल्यांदा तिकडे नेले. खाली दुकान, वर खोली. दिवाळी तोंडावर आली होती. पुरुष बाहेर गेलेले बघून मी दुकान झाडले, गोणपाटे धुऊन वाळत घातली आणि कोपऱ्यातले केराने भरलेले पिंप गल्लीच्या उकिरड्यावर रिकामे केले. लक्ष्मीच्या सणाला घरात केर ठेवायचा नाही, हे मला आईने शिकवले होते. गाळणारे लोक दुकानाचा केर वर्षभर साठवतात, मग तो जाळून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात, हे मला कोणी शिकवले नव्हते. माझ्या माहेरी मेंढरे आणि शेती. दोघे परत येईपर्यंत उकिरडा गाडीत भरून गेलासुद्धा होता.

असा केर विकत घेणारे लोक तिथे फिरत असत. दीर म्हणाले, केर कोणी फेकत नसतो, हिने विकला. मालक गप्प बसले. ते गप्प बसले याचा राग मला अजून आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेणार आहे.

मला चार दिवसांसाठी म्हणून माहेरी धाडले आणि मुलगी ठेवून घेतली. यात्रेला भावकी बसली. हिने औंधच्या यमाईच्या पायरीवर भंडारा उचलून शपथ घ्यावी, मग नांदायला न्यावे, असे ठरले. "केर मी टाकला, हे पयल्याच दिवशी सांगितलंय. शपथ घ्यायला मी चोर न्हाई," एवढे बोलून मी उठले. चोर नसती तर उचलला असता, असे लोक म्हणाले. वडीलही म्हणाले, उचलून टाक पोरी, तुझं काय जातंय. माझे काय जात होते ते मला त्यांना सांगता आले नाही.

कलम ४. आकारामची कादंबरी. तो पलूसकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचा. माझ्या चुलीपुढे बसून, माझा चहा पीत त्याने हे सगळे ऐकले, डोळे पुसले आणि घरी जाऊन पुस्तक लिहिले. त्यात कांचन दागिन्यांची हावरट आहे. ती केर एका सोनाराला विकते, त्याच्यावर भाळते आणि शेवटी परड्यातल्या विहिरीत उडी घेते. मला का मारलंस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "भामाक्का, नायिका जगली तर वाचणारा रडत न्हाई." त्या हिशेबाने मी जगले ही चूकच झाली म्हणायची. त्याला बक्षिसे मिळाली, मला एक प्रत मिळाली. जुन्या मशीनचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ती ठेवली आहे. मायाने काढू नये, मशीन डुगडुगते.

एक प्रत सेलमलाही पोचली. पल्लवी दहावीत असताना शेजाऱ्यांच्या फोनवरून मी तिला खरे काय ते सांगू बघितले. ती म्हणाली, "मामानंच लिवलंय, मग ते खोटं कसं असंल?" पुढे तिच्या लग्नपत्रिकेवर माझ्या नावाआधी कै. छापले. ती पत्रिका मला पोस्टाने आली. मी हळदीकुंकू लावून देवापुढे ठेवली, लेकीचे लग्न होते.

कलम ५. कॉलेजची मुले विहीर बघायला येतात. परीक्षेत प्रश्न असतो म्हणे, कांचनच्या अधःपतनाची सामाजिक व वैयक्तिक कारणे स्पष्ट करा. एका मुलीने मलाच विचारले, आजी, तुम्ही तिला बघितलं होतं का? मी म्हटले, व्हय, लय जवळनं. प्रश्नाचे उत्तर तेव्हा दिले नाही, ते इथे देते.

सामाजिक कारण हे की, बाईला नांदायला नेतात आणि घरातले काही सांगत नाहीत, पण ती चुकली की तिला सगळे माहीत होते असे धरतात. मुलगी बापाची आणि बदनामी आईची, ही वाटणी बैठकीआधीच झालेली असते. वैयक्तिक कारण एकच, ताठा. हाव नव्हे. भंडारा उचलला तर मुलगी मिळेल, हे मला त्या दिवशीही कळत होते. तरी उचलला नाही. आज बसवले तरी उचलणार नाही, आणि घरी येऊन पुन्हा पोरीसाठी ऊर फुटेस्तोवर रडेन. हे दोन्ही एकाच बाईत असते. आकारामला ते जमले नाही, म्हणून त्याने मला विहिरीत ढकलले.

कलम ६. मालक गेल्या वर्षी वारले. मी कुंकू पुसले नाही. छापील पत्रिकेप्रमाणे मी त्यांच्या आधीच गेलेली आहे, मग मला विधवा होता येते का, असे वकीलसाहेबांना विचारले. त्यांनी पुढचे कलम सांगायला लावले. माझे अंत्यविधी मायाने करावेत, त्यापुरते पैसे पोस्टात आहेत. ऋषिराजने माझ्या दहाव्याला भाषण करू नये.

कलम ७. कलम १ मध्ये बदल. मृत्युपत्र करते आहे असा निरोप पल्लवीला धाडला होता. ती येईल असे वाटले नव्हते. काल ती रेल्वेने मिरजेला आणि तिथून एसटीने एकटी आली. चाळिशी उलटली आहे. चालताना माझ्यासारखीच उजवीकडे झुकते. तिने घर बघितले, विहिरीत वाकून बघितले, दोन भाकरी खाल्ल्या.

आज वकीलसाहेब आले. साक्षीला नानासो शिंदे हजर आहेत. दुसऱ्या साक्षीदार रंगुबाई कबूल करूनही आल्या नाहीत. ऋषिराज सकाळी त्यांच्या ओट्यावर बसला होता, असे माया सांगते. तेव्हा पल्लवी म्हणाली, मी करते सही. वकीलसाहेबांनी समजावले की ज्याला घर मिळायचे त्याने साक्षीला राहू नये, उद्या ऋषिराज कोर्टात त्यावरच बोट ठेवेल. ती म्हणाली, मग घर मला नको.

मी तिला म्हटले, पोरी, तुला द्यायला माझ्याजवळ दुसरं काय न्हाई.

"सोन्याचं खरं-खोटं मला अजून ठरवता येत न्हाई, आई," ती म्हणाली. "पण तू हायस, आणि माझ्यापुढं बसून सही करतीयास, एवढं मी कुठल्याबी कोर्टात सांगीन."

सबब, घर, परडे व विहीर मायाला देते, पाटीची अट कायम. कलम १ मधील पल्लवीचे नाव या कलमाने रद्द समजावे. माझ्या मुलीला मी काहीही देत नाही. हे राजीखुशीने लिहिले.

ठिकाण: इंगळ्यांची वाडी, तालुका खटाव
तारीख: १७ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार: भामाबाई तानाजी निकम (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली म्हणून साक्ष:

१. नानासो गणपती शिंदे, निवृत्त पोस्टमन, राहणार औंध (सही)

२. पल्लवी, राहणार सेलम, तमिळनाडू. लिहून ठेवणारीशी नाते: मुलगी (सही)