चाळीस घोड्यांची होडी

१२ जुलै, शनिवार
रस्त्यावरची मोरी वाहून गेली. गाडी सोडाच, माणूसही पलीकडे जाईना. लताचं डायलिसिस काल महाडला झालं, पुढचं मंगळवारी. आता वाट एकच, सावित्री नदीतून. गावच्या मदत पथकाची होडी आहे. गेल्या वर्षी तिचा पंखा दोनदा दगडाला लागून मोडला, तेव्हा विहारातल्या सभेत मीच हटून बसलो, जेट लावा. बाहेर पंखाच नाही, पाणी ओढायचं आणि मागे फेकायचं. टाळ्या पडल्या. जन्मभर एसटीत इंजिनं खोलली, माझा शब्द कोण मोडणार!

१३ जुलै, रवि.
पाणी उतरेना. मंदाने (भोयांची सून, होडी तीच हाकते) एकटीने धारेविरुद्ध वर महाडपर्यंत फेरी मारली. सुसाट गेली. जीव भांड्यात पडला. लताला म्हटलं, चाळीस घोड्यांचं मशीन आहे, काळजी सोड.
"घोडे काय करायचे? पोचवा म्हंजे झालं."

१५ जुलै, मंगळ.
नाही पोचलो. लिहवत नाही.
आमच्यात आजाऱ्याला एकटं धाडत नाहीत. मेहुणा वसंत (लताचा भाऊ), त्याची बायको, वाडीतले दोघे, मी. लता आणि मंदा धरून सात. सोबतीला आलेल्याला उतर कसं म्हणायचं? वळणावर धार आली. मंदाने मूठ पूर्ण पिळली. इंजिन नुसतं किंचाळतंय, होडी नाक वर करून जागच्या जागी. काठावर समोर तेच उंबराचं झाड. मग झाड हळूहळू पुढे जायला लागलं, म्हणजे आम्ही मागे.
वसंत ओरडला, "दाजी, चाळीसचं हाय ना? मग जात का नाय?"
परत फिरलो.

१६ जुलै, बुध.
ल.चे पाय सुजलेत, तोंडही. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या कसंही करून आणा. पाणी वाटीने मोजून देतोय. ती रिकामी वाटी तोंडाला लावून बसते. मी बाहेर जाऊन उभा राहतो.
मशीनचं पुस्तक आज उघडलं. वर्षभर कपाटात. जेट जोडलं की जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद वाटेतच जाते. चाळीसातले सत्तावीस-अठ्ठावीस पाण्याला मिळतात. तेवढ्यात हलकी होडी पाण्यावर उचलते आणि पळते. ओझं वाढलं की खाली बसते, बसली की पाणीच अडवतं. रविवारी मंदा एकटी होती म्हणून उडाली. मी मात्र पंख्याचाच हिशेब डोक्यात धरून. एसटीत उभे कोंबले तरी गाडी घाट चढायचीच ना.
जुना पंखा परत लावावा, तर तो दुकानदाराने बदल्यात नेला. मीच म्हटलं, घेऊन जा, अडगळ कशाला. मूर्ख माणूस.
मंदा म्हणाली, "काका, उद्या दुपारी भरती चढतेय, धार मऊ पडंल. पण तिघांवर चवथं नको."

१७ जुलै, गुरु.
वसंतकडे जाऊन हात जोडले, घरी थांब. त्याची बायको फणकारली, "परक्यावानी धाडताव होय तिला?" धाडतोय. धाडावंच लागतंय.
लता, मंदा, मी. उंबरापर्यंत आलो आणि होडी पुन्हा तिथेच. अगदी थोडक्यासाठी. मंदा माझ्याकडे बघत राहिली. रेशनच्या काट्यावर मी चौऱ्याण्णव किलो. लता आणि मंदा मिळून माझ्याहून थोड्याच जास्त.
"काठाला घे," म्हटलं.
चिखलात उतरलो. फाइल लताच्या मांडीवर दिली. तिने माझी बाही घट्ट धरली होती, ती मीच सोडवली.
"अवो, मी एकली नाय जायची."
"मंदा आहे ना."
"डबा तरी घ्या. खाऊन घ्या."
होडीचं नाक खाली आलं, मग सगळी होडी पाण्यावर उचलली आणि उंबर मागे टाकून वळणाआड गेली. तिने मागे वळून बघितलं की नाही, दिसलं नाही.
वही पिशवीत होती, इथेच उंबराखाली लिहितोय. बराच वेळ आवाज येत होता. आता थांबलाय. महाडचा धक्का आला असेल, नाहीतर जेट पाणी ओढतं त्या जाळीत गवत अडकलं असेल. मंदाचा फोन लागत नाही. पाण्याकडे बघतोय, होडी वाहत खाली येतेय का. अजून तरी नाही.
डबा उघडला. भाकरी दोघांची आहे.