नेवेनाला ठाऊक होतं

बेरकोवित्सा
१६ सप्टेंबर २००८

लाडक्या कालिना,

तुझ्या कादंबरीची कच्ची प्रत पोचली. आम्ही दोघं बरे आहोत. लाल मिरच्या यंदा उशिरा आल्या, अंगणात त्या भाजणं अजून चालूच आहे, या कागदालाही वास लागला असेल. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन पुन्हा लांबलं, म्हणून अक्षर एवढं मोठं आणि ओळी वाकड्या. तुझं लिखाण मला तुझ्या काकांनीच वाचून दाखवलं. त्यांचं तुला ठाऊक आहे, हवामानाच्या बातमीपासून औषधाच्या कागदापर्यंत सगळं मोठ्यानं वाचणार.

त्यांना आवडलं हो! फक्त तुझ्या नायिकेवर, नेवेनावर रागावलेत. "काय हट्टी बाई आहे! सोन्यासारखा सुतार मागणी घालतोय, आणि ही बया त्या मास्तरणीच्या घरातून हलत नाही. अगं, अशानं कुणाचं भलं झालंय?" स्वतः सुतार, तेव्हा सुताराची कड घेणारच. मी खाली मान घालून मिरच्या सोलत राहिले.

आता तुझा प्रश्न. नेवेना लेस्बियन आहे हे पुस्तकात उघड लिहा, असं तुझ्या संपादकबाई म्हणतात. तू म्हणतेस, तिला स्वतःलाच ते जन्मभर उमगलं नाही, तर लेखिकेनं तिच्या कपाळावर चिठ्ठी का डकवावी? आधी मीही तुझ्याच बाजूची होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय तुझी नेवेना शिवणकाम करते, तिच्या हनुवटीवर माझ्यासारखाच व्रण आहे, आणि गावाला डोळे आहेत.

पण तुझ्या त्या "उमगलं नाही"पाशी मी रोज अडखळते. कालिना, उमगलं होतं.

शेजारची ज्लातका तुला आठवत असेल, शाळेत शिकवायची. ती अंगणात आली की माझ्या हातातली सुई थांबायची. तेव्हाच कळलं होतं मला. शब्द तेवढा नव्हता, आणि पुढे मिळाला तो बाजारात, शिवी म्हणून. माझं तिच्यावर प्रेम होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तिला कुणी नातलग नव्हते. ती वारली त्याला वर्ष झालं तेव्हा तिच्या फोटोचा कागद आम्हीच छापून घेतला, फाटकांवर नि खांबांवर लावतात तो. छापखान्यातल्या मुलीनं विचारलं, "खाली काय टाकू? शोकाकुल कोण?" मी तोंड उघडलं, तोवर तुझे काका म्हणाले, "शेजारी. शेजारी टाक, पोरी." आमच्या फाटकावर त्यांनीच तो नीट चिकटवला. येता-जाता मला तोच दिसायचा.

आणखी एक. नेवेना पाणी तापायला ठेवते, आणि लगेच पुढच्या वाक्यात बर्फ पडायला लागतो. मला वाटलं, पोरीनं इथे घाई केली. काल काका लाकडं आणायला गेले, तेव्हा भिंग घेऊन ती जागा शोधली. एका पानाला सगळी सकाळ गेली. नेवेना मास्तरणीचे केस धुते, ते पान त्यांनी वाचताना गाळलं होतं. तुला ते कसं सुचलं, मी विचारत नाही.

म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे. कधीपासून, देव जाणे. एकाच टेबलावर जेवत आम्ही दोघं एकच गोष्ट गाळत आलो. ते वाईट नाहीत गं. वाईट असते तर मी केव्हाच दार उघडून निघून गेले असते. चांगल्या माणसाच्या घरातून बाहेर पडायला निमित्तच मिळत नाही.

तेव्हा लिही. तिला ठाऊक होतं असं लिही, आणि तो शब्दही लिही. मधल्या पानात नको, तिथे ते गाळतील. पहिल्याच वाक्यात लिही. पहिलं वाक्य गाळून पुस्तक सुरू करता येत नाही. मला तो शब्द एकदा माझ्या स्वयंपाकघरात ऐकायचाय, शिवी नसलेला, त्यांच्या आवाजात. पुढे आम्ही एकमेकांकडे कसं बघणार, मला माहीत नाही. फार भीती वाटते. या वयात दुसरीकडे जायला जागा नाही, मलाही नाही आणि त्यांनाही.

हनुवटीवरचा व्रण हवा तर काढून टाक. शब्द काढू नकोस.

भीत भीत वाट पाहणारी,
तुझी मावशी
डोब्रिना