संदर्भसूचीतलं तुमचं नाव

अहो,

मी सुपात जोंधळा घेऊन खडे निवडत बसले होते, गॅसवर दूध होतं, आणि तुम्ही टेबलावरून म्हणालात, “हं, पुढचं वाच.” माझ्या गुडघ्याशी तुमच्या लेखाची हातानं लिहिलेली संदर्भसूची. मी एकेक ओळ वाचायची, तुम्ही ती कॉम्प्युटरवर उतरवायचात. लेखकाचं नाव, साल, लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, खंड, पानं. रायापूरच्या आपल्या घरातल्या कितीतरी सकाळी अशाच गेल्या. दूध मात्र हमखास उतू जायचं!

ही सकाळ आजच का आठवली, सांगते. परवा शैला आली होती. तुमची शेवटची विद्यार्थिनी, हुबळीहून स्कूटरवर, हेल्मेटसकट घरात शिरणारी. तुम्हा दोघांचा तो लेख, साठवलेल्या जोंधळ्याला कडुलिंबाच्या पाल्यानं कीड लागत नाही का, यावरचा, नियतकालिकाकडून दुरुस्त्यांसाठी परत आलाय. तुमच्या नावाचा हा शेवटचा लेख. तो छापून येणार की नाही, हे त्या दुरुस्त्यांवर अवलंबून होतं.

अमरगोळच्या बाजारातून तुम्ही त्यासाठी जोंधळा आणलात तेव्हा मी म्हटलं होतं, “भाकरी करू का?” “खबरदार!” म्हणालात. “हा किड्यांचा आहे.”

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी वाचायला शिकले ती वर्तमानपत्रं चाचपडत आणि तुमच्या या याद्या वाचत. मी एकदा विचारलं होतं, “लेख तुमचा, मग शेवटी एवढ्या लोकांची नावं कशाला?” तुम्ही म्हणालात, “जे दुसऱ्याकडून घेतलं ते कोणाकडून, हे सांगायला नको? आणि असं सांगायचं की वाचणाऱ्याला तिथवर जाता यावं. पान चुकलं तर तो बिचारा लायब्ररीत हिंडत बसेल.” आणि दुसरा नियम, तो तर तुम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवायचात. ज्याच्या घरी जेवलो नाही, त्याच्या आमटीची चव सांगायची नाही. मूळ लेख मिळालाच नाही, तर ज्याच्या लेखात त्याच्याबद्दल वाचलं त्याचं नाव सांगायचं.

एका नावापाशी मात्र मी अडायची. तुमच्या! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आईनं लहानपणीच डोक्यात भरवलेलं. तुमचा जुना लेख आला की मी म्हणायची, “हे आपलं,” आणि पुढे जायची. एकदा तुमच्याही लक्षात राहिलं नाही आणि तुमचाच लेख सूचीतून गळाला. मजकुरात उल्लेख आहे, सूचीत नाही, असं संपादकांचं पत्र आलं. तुम्ही किती हसलात! “बायकोनं नाव घेतलं नाही म्हणून मी शास्त्रातूनच उडालो! लग्नात उखाण्यात घेतलं होतंस ना?”

“तेव्हा तुमच्या आईंनी दार अडवलं होतं,” मी म्हटलं. “इथे कोण अडवतंय?”

तर, शैलाची गोष्ट. नियतकालिकासाठी लेख तपासणाऱ्या परीक्षकानं एकच टोकदार प्रश्न विचारला होता. पाल्याचा उपयोग पूर्वीच प्रयोगानं सिद्ध झाला आहे, असं म्हणून तुम्ही ज्या जुन्या लेखाचा दाखला दिलाय, तो मूळ लेख पाहिलात का? शैलानं दुसऱ्या विद्यापीठाच्या लायब्ररीतून तो मिळवला. आम्ही दोघींनी शेजारी बसून वाचला. मी बोट ठेवून, ती भराभर. तीच आधी थांबली.

“अक्का, यात प्रयोगच नाही.”

खरंच नव्हता. पेवात जोंधळा भरताना शेतकरी पाला घालतात आणि त्यानं कीड लागत नाही असं सांगतात, एवढीच नोंद. बाकी सगळ्यांनी एकमेकांचं पाहून ‘सिद्ध झालं’ लिहिलेलं. आणि त्यांच्या मागोमाग तुम्हीही?

तुम्ही! मला आमटीचा नियम शिकवणारे तुम्ही! रागच आला मला. मग ते शेवटचे महिने आठवले. पाठीला उशा लावून टाइप करत होतात, लायब्ररीत जाणं संपलं होतं. पण शैलाला सांगता आलं असतं ना? मला नुसतं म्हणाला असतात, “हा लेख तेवढा बघायचा राहिलाय,” तरी मी लक्षात ठेवलं असतं. कसली एवढी घाई झाली होती तुम्हाला?

शैला रडवेली झाली. “इरली बिड्री अक्का, राहू द्या. सरांचं वाक्य आहे, माझा हात उठत नाही. शेवटचा परिच्छेद त्याच्यावरच उभा आहे. काढलं आणि लेख परत आला तर?”

मी म्हटलं, “येऊ दे परत. सर असते तर तुझ्या लेखात असलं वाक्य ठेवलं असतं का?”

“छे! सगळ्यांसमोर आमटी काढली असती.”

मग आम्हाला हसूच आलं, डोळे पुसता पुसता.

तुमचं वाक्य मी खोडलं, माझ्या हातानं. त्या जागी शैलानं लिहिलं की शेतकरी असं सांगतात, अशी नोंद त्या लेखात आहे. पुढे नाव आणि साल. जुन्या प्रयोगाशी आपले निष्कर्ष जुळतात, हेही काढलं. परिच्छेद लहान झाला. तुमचे किडे, तुमचा पाला, तुम्ही स्वतः पाहिलेलं ते सगळं जागच्या जागी आहे. तुमचा अपमान केला असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्हाला वाटत असेल, तर स्वप्नात येऊन भांडा. तेवढीच भेट होईल.

आता एक वचन देते. लेख छापून आला, तर मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानक्रमांकापर्यंत वाचेन, शब्दकोश घेऊन. परत आला, तर शैला आणि मी पुन्हा पाठवू. ते वाक्य मात्र परत येणार नाही.

शैला त्या दिवशी अंधार पडायच्या आत हुबळीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापायला ठेवलं, तिला फोन लावला आणि सगळी सूची वाचून दाखवली. जिथे जिथे तुमचं नाव आलं, तिथे ते मोठ्यानं घेतलं.

तुमची,
सुमन