हागीची लस

मित्सुए,

हागीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. नराशी जोडी लावण्याआधी तिला यंदाही लशीचा बूस्टर हवाच, असं मी म्हणाले, तर बाबा म्हणाले, "मित्सुएला विचारू." तू शाळेत होतीस तेव्हापासून आपली सगळी अकिता जातीची कुत्री मी सांभाळतेय, आणि विचारायचं तुला! तू म्हणालीस, यंदा गरज नाही. तुला खोटं पाडायचं म्हणून मुद्दाम तिचं रक्त तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "धाकटीचंच बरोबर. आधीच्या लशीचा जोर अजून आहे. मोठ्या कुत्रीला ही लस तीन वर्षांतून एकदा दिली तरी पुरते. रेबीजची मात्र दरवर्षी."

मिसो सूप शेगडीवर आहे. बाबा आले की तूच त्यांना सांग. तुझं कौतुक करताना त्यांचा चेहरा कसा फुलतो, ते आज मला बघवणार नाही. मी मावशीकडे जेवते.

ताई